आबांचा वटवट्या

पारोळ्यात आमच्या शेजारी हिलालआबा राहतात. त्यांच्यासमोर कुठल्याही बारक्या पाखराला नुसतं 'चिमणी' म्हणून बघा. हातातला चहा खाली ठेवून ते तुम्हाला ओढत कुंपणापाशी नेतील.

आबा एसटीत कंट्रोलर होते, स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. निवृत्तीनंतर माइक सुटला, आवाज तेवढा राहिला. आता त्यांचं जग दोनच पाखरांचं: राखी वटवट्या आणि साधा वटवट्या. दोन्ही अंगठ्याएवढे, दोन्हींची शेपटी उभी, दोन्ही आमच्या मेंदीच्या कुंपणात दिवसभर वटवट करणारे. मला कित्येक वर्षं ते जुळे भाऊच वाटायचे. तसं म्हटलं की आबा तापायचे.

"धुळ्यानी गाडी आन् धरणगावनी गाडी लांबून सारख्याच दिसतस. म्हनीसन भलत्या गाडीमा बसस का कोनी? पोट देख, पोट! राखीनं तांबूस, साधानं मयकट पांढरं!"

एकदा माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी कुंपणापाशी उभं केलं. मुलगा चुकला. "नजर पक्की नही," असा शेरा देऊन आबा पोह्यांकडे वळले. लग्न तरी झालं, हे नशीब.

आबांच्या न थांबणाऱ्या बडबडीला आई वैतागायची. "यासनापेक्षा वटवट्या बरा, तो दम तरी लेस."

मग बाबा गेले आणि आईचं बोलणंच थांबलं. जेवायची, कपड्यांच्या घड्या घालायची, खिडकीशी बसायची. तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, मावशी राहून गेल्या. मी फार घाबरलो होतो. आबा रोज सकाळी खिडकीबाहेर येऊन उभे राहत आणि काही न बोलता परत जात.

एके सकाळी राखी वटवट्या अगदी खिडकीसमोर येऊन बसला. राखाडी डोकं, तांबूस पोट. मलासुद्धा ओळखू आला. आबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि स्टँडवरच्या आवाजात घोषणा केली, "वहिनी, हाऊ साधा वटवट्या शे!"

मी चमकलो. आईने मान वर केली.

"आबा, डोया फुटनात का तुमना? राखी शे तो! पोट देखा ना त्यानं!"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

आता आबा रोज येतात आणि रोज चुकतात. आई त्यांना झापते, मग चहा देते. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही.

गल्लीत मात्र बोलतात, आबांची नजर गेली. परवा पानटपरीवर एकाने तोंडावरच विचारलं, "काय आबा, वटवट्या ओळखू येत नाही म्हणे?" मला राहवेना, खरं सांगायला मी तोंड उघडलं. आबांनी माझा हात दाबला.

"हा रे भाऊ," ते त्याला म्हणाले, "आते माले बठ्ठा वटवट्या सारखाच दिसतस."