दफनाचा परवाना आणि वरची ओळ

आपल्याच भाच्याच्या नेमणुकीचा गुप्त आदेश गावच्या रेडिओवर वाचला गेला, तेव्हा सान रामिरो नगरपालिकेचे संचालक एलिखियो ओर्तिगोसा यांनी गोपनीयतेचं धोरण तत्काळ अमलात आणलं. संगणक विभागाच्या लिदुविनाने सकाळची सगळी कामं सुरू करणाऱ्या मुख्य स्क्रिप्टमध्ये, नवी फाइल कुणाला उघडेल हे ठरवणारी 'युमास्क'ची ओळ घातली: यापुढे नवी फाइल ज्या खात्याने बनवली, त्यानेच वाचावी. फाइली बनवायचं यंत्राचं स्वतःचं खातं. माणूस त्यात कुणीच बसत नव्हता. मुख्य स्क्रिप्टने उघडलेल्या शेलने, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने, हे वळण उचललं, त्या शेलने चालवलेल्या स्क्रिप्टनेही, आणि तिने उघडलेल्या पुढच्या शेलनेही.

दुपारी पेर्लाबाई नवऱ्याच्या दफनाचा परवाना न्यायला आल्या. शवपेटी बाहेर पिकअपमध्ये होती. कारकुनाने परवाना मंजूर झाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं आणि तो कुणालाच उघडता येत नसल्याचं नम्रपणे कळवलं. संचालकांनी तेरेरे या पाल्याच्या थंड चहाचा गार घोट घेत खुलासा केला, की परवाना देणं हे पालिकेचं कर्तव्य. तो वाचता येणं ही वेगळी सेवा आहे.

लिदुविनाने ती एक फाइल हाताने मोकळी केली. पण शिक्का मारणारी स्क्रिप्ट नवं शेल उघडे, नवी प्रत काढे, आणि प्रत जन्मतःच कुलूपबंद निघे. वरची ओळ बदलू द्या, असं तिने विनवलं. वर आपला आदेश आहे, तेव्हा चूक खालीच शोधा, असं साहेबांनी सुनावलं.

शेवटी पेर्लाबाईच आत शिरल्या. शवपेटीभोवती बर्फ रचून त्यांचे हात बधिर झाले होते.

"साहेब, तुमची फाइल गारव्यात आहे," त्या म्हणाल्या. "माझा माणूस उन्हात आहे."

साहेबांनी तेरेरेचा पेला खाली ठेवला. "सगळं सगळ्यांना उघडा," ते लिदुविनाला म्हणाले.

"वाचायलाच ना? की लिहायलाही?"

"सगळं म्हणजे सगळं."

नवी ओळही तितक्याच इमानाने खालपर्यंत झिरपली. पेर्लाबाईंचा माणूस मातीआड गेला. संध्याकाळपर्यंत गावकऱ्यांनी पालिकेच्या पडद्यांसमोर बसून आपापले कर माफ केले, शेजाऱ्यांचे वाढवले, आणि दोन सावत्र भावांनी एकमेकांना मृत घोषित केलं.

दुसऱ्या दिवशी गावसभा भरली. दोन्ही मृत भाऊ हजर होते. ठराव एकमताने झाला: दुसऱ्यांचं सगळं उघडं राहावं, आपलं तेवढं कुलूपबंद असावं. हेच तर आपलं मूळ धोरण होतं, असं संचालकांनी हळूच सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. सगळे हात वर करण्यात गुंतले होते. वाचकहो, तुमचा हात खाली असता, तर आम्हाला नक्की दिसला असता.