त्रुटीसाहेबांचा बोटीचा परवाना

परवाना कार्यालयात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळे त्रुटीसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावर आलेला अर्ज पहिल्या फटक्यात पुढे गेलाय, असं कुणालाच आठवत नाही. लाल पेनाने समासात ‘त्रुटी’ असा शेरा पडायचा, खाली क्रमांक, आणि अर्ज परत. एका माणसाने सही चौकटीतच केली होती, पण सहीचं शेपूट बाहेर आलं होतं, तर त्या शेपटालाही क्रमांक मिळाला. (तो माणूस चिडून तक्रार घेऊन आला. तक्रारीच्या अर्जात तीन त्रुटी निघाल्या.)

अशा मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एका सकाळी ‘मी नेतो’ असे दोन शब्द निसटले, आणि पुढचं सगळं रामायण त्या दोन शब्दांनी घडवलं.

झालं असं, की ते आणि त्यांची बायको दादांना भेटायला गेले होते. दादा म्हणजे त्यांचे सहा वर्षांनी मोठे भाऊ. आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली, स्वतःच्या हातांनी एक छोटी मोटरबोट बांधली, आणि सुट्टीच्या दिवशी तलावात फिरवली. आता हृदयाने असहकार पुकारला होता. खिडकीपाशी खुर्चीत बसायचं, तलावाच्या दिशेने बघायचं, एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, महिना, फार तर दीड.

“एकदा तलावातल्या त्या जुन्या पंपघरापर्यंत जाऊन यायचं होतं रे,” दादा म्हणाले. “पण तो नवा कायदा आलाय ना. आता हौशी माणसालाही सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. कार्ड नसेल तर इंजिनला हात लावायचा नाही. बरोबरच आहे म्हणा. गेल्या वर्षी ती दोन पोरं जॅकेट न घालता गेली आणि परत आली नाहीत. पण माझ्याच्याने आता परीक्षा होत नाही.”

“मी नेतो,” त्रुटीसाहेब म्हणाले.

दादांनी मान वळवून भावाकडे नीट बघितलं. “तू?”

“हो, मी. वर्ग करतो, कार्ड काढतो आणि नेतो.”

“न्या की,” बायको म्हणाली. “चाळीस वर्षं बोट चालवताय, परीक्षेचं काय मोठं!”

दादांना एकदम खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

खरं सांगायचं तर (आणि हे त्रुटीसाहेबांनी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं) चाळीस वर्षांत त्यांनी सुकाणूला बोटसुद्धा लावलं नव्हतं. नऊ वर्षांचे असताना पंपघरापाशी ते पाण्यात पडले होते आणि दादांनी केसाला धरून त्यांना वर ओढलं होतं. तेव्हापासून त्यांना पाण्याची भीती वाटे. पुढच्या फळीवर बसायचं, दोर धरायचा आणि पत्र्याच्या डब्याने बोटीतलं पाणी उपसायचं, एवढंच त्यांचं काम. घरी आल्यावर मात्र ‘आज मी पार पलीकडच्या काठापर्यंत नेली’ असं सांगायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोवर छाप पाडायला एकदा बोलून गेले, मग बदलायचं राहून गेलं.

निघताना दादांनी आपलं लाइफ जॅकेट त्यांच्या हातात दिलं. चपटं, नवं, पट्ट्यासारखं. “हे घालून सराव कर. आणि पुस्तक नीट वाच.”

पुस्तक म्हणजे वर्गाचं ऐंशी पानी पुस्तक. त्रुटीसाहेबांनी ते नीट म्हणजे अगदी नीट वाचलं. पान एकतीसनंतर थेट पान तेहतीस येतं, हे त्यांनी ताबडतोब पकडलं. अनुक्रमणिकेत दोन धड्यांची अदलाबदल झाली होती, तीही पकडली. पुस्तकात लिहिलं काय होतं, तिकडे मात्र त्यांचं लक्ष जरा कमी होतं.

अर्ज भरताना त्यांनी आणखी एक काम करून ठेवलं. नियमात कुठेतरी ‘बोटीत बसणाऱ्या व्यक्तींची नोंद’ असे शब्द होते. त्यांनी त्याचा असा अर्थ लावला, की सोबत बसणाऱ्यानेही अर्ज केलेला बरा. म्हणून बायकोच्या नावाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. इतका सुबक, की तो चौकटीत लावून भिंतीवर टांगावा.

“अहो, मी कशाला?” बायको म्हणाली. ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून नुकतीच घरी बसली होती.

“कागद पूर्ण असलेला बरा. तू नुसती मागे बस. विणकाम ने.”

वर्गाच्या आदल्या दिवशी घरात सराव झाला. दिवाणखान्यातला सोफा ही बोट. बायको पाण्यात पडलेली व्यक्ती, म्हणून ती सतरंजीवर आडवी झाली आणि पडल्या पडल्या पुस्तक चाळू लागली. कपडे वाळत घालायच्या दोरीला उशी बांधून ती बुडणाऱ्याकडे फेकायची, असा बेत होता. पहिली उशी पंख्यात गेली. दुसरी टीपॉयवरच्या चहावर. तिसरी थेट बुडणाऱ्या व्यक्तीच्या नाकावर.

“वाचवताय की मारताय?” बुडणारी व्यक्ती म्हणाली.

“तू हात वर करायला हवेत! बुडणारा माणूस असा वाचत पडतो का?”

घसा कोरडा पडला म्हणून साहेब जॅकेट घालूनच स्वयंपाकघरात गेले. सिंक आणि फ्रीज यांच्यामधल्या बोळकांडीत उभं राहून त्यांनी नळ सोडला. त्या नळाला सकाळी जोर फार. पाणी पेल्यावर आपटलं आणि छातीवर उडालं.

फस्स्स! असा आवाज झाला आणि जॅकेट फुगलं. हनुवटी वर गेली, मान आवळली, दोन्ही हात आडवे झाले, आणि त्रुटीसाहेब फ्रीज आणि सिंकच्या मध्ये बुचासारखे घट्ट बसले. पुढे जाता येईना, मागे येता येईना, खाली बघता येईना. नळ चालूच होता.

“अगं! अगं धाव! मला काहीतरी होतंय!”

बायको धावत आली, दारात थांबली, आणि तिने आधी पुस्तकाची पानं उलटली. तीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई ती, गडबडली नाही.

“हलू नका. पान बावीस. हे आपोआप फुगणारं जॅकेट आहे, पाणी लागलं की फुगतं. डाव्या खांद्यापाशी एक नळी आहे, तिची झडप दाबायची.”

“माझा हात पोचत नाही!”

“माझा पोचतो.”

हवा सुरसुरत निघून गेली. साहेब खाली बसले. बायकोला हसू आवरत नव्हतं, आणि साहेबांना ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात, मान आवळली गेल्यावर, त्यांना पंपघराजवळचं ते हिरवं पाणी आठवलं होतं. आपण दादाला काय कबूल करून बसलो, या विचाराने त्यांना घाम फुटला. पण आता माघार कशी घेणार? त्यांनी गुपचूप जॅकेटची नवी गॅसची नळकांडी आणून बसवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला गेले.

शिकवायला एक तिशीतली बाई होती, पूर्वी पाणबुड्याचं काम केलेली. तिने दोन दिवस मनापासून शिकवलं. जॅकेट घालणं, इंजिनची सुरक्षादोरी मनगटाला बांधणं, वारा कुठून येतो ते बघणं, माणूस पाण्यात पडला तर आधी इंजिन बंद करणं. त्या दोन पोरांची गोष्टही तिने सांगितली. त्यांना तिनेच बाहेर काढलं होतं. त्रुटीसाहेबांनी खाली मान घातली. मागच्या बाकावर बायकोचं विणकाम केव्हाच बाजूला पडलं होतं.

मग लेखी परीक्षा. पन्नास प्रश्न, एक तास. त्रुटीसाहेबांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. पहिल्या पानावर परीक्षार्थीच्या सहीला जागाच नव्हती. चौथ्या प्रश्नाला दोन पर्यायांवर एकच क्रमांक होता. नवव्या प्रश्नातलं चित्र उलटं छापलं होतं. पेन भराभर चाललं. कित्येक वर्षांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. घंटा झाली तेव्हा ते समाधानाने मागे टेकले.

तासाभराने शिक्षिकेने त्यांना बाजूला बोलावलं.

“काका, तुम्ही बावीस त्रुटी काढल्यात. सगळ्या खऱ्या आहेत. आम्ही दुरुस्त करू, आभारी आहोत.”

“आभार कसले, माझं कामच आहे ते.”

“पण काका, उत्तरं सहाच लिहिलीत.”

साहेबांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “पुढची परीक्षा कधी?”

“सहा आठवड्यांनी.”

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बायको शेजारी येऊन बसली.

“सहा आठवडे दादा काढणार नाही गं,” ते म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं. “आयुष्यात त्याने माझ्याकडे हे एकच मागितलं. आणि मी लाल पेन काढून बसलो. आणि ऐक, मी कधी बोट चालवलेलीच नाही. मला पाण्याची भीती वाटते. मी सगळं खोटं सांगत आलो.”

“मला माहीत आहे.”

“माहीत आहे? दादाने सांगितलं?”

“दादा कशाला सांगतील? तुमचे शर्ट मी धुते. चाळीस वर्षं दादांच्या बाहीला ऑइल लागायचं आणि तुमचा शर्ट फक्त पोटावर भिजलेला असायचा. पाणी उपसणाऱ्या माणसासारखा.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तुम्ही इतके खूश असायचात,” ती म्हणाली.

तेवढ्यात शिक्षिका यादी घेऊन बाहेर आली आणि तिने बायकोचा हात हातात घेऊन हलवला. “बाई, अठ्ठेचाळीस गुण! वर्गात पहिल्या. उद्या सकाळी पाण्यावरची परीक्षा, सोबत बसायला कुणालातरी आणा.”

त्रुटीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. “पेपर दिला त्यांनी हातात. अर्ज तर तुम्हीच भरला होतात. नुसतं बसून काय करायचं, म्हणून सोडवला.”

दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने आधी तासभर सराव करून घेतला, मग बायकोने बोट वळवली, थांबवली, पाण्यात टाकलेला तरंगता गोळा हलकेच जवळ जाऊन उचलला. साहेब पुढच्या फळीवर डोळे मिटून बसले होते. दुपारी तिच्या हातात कार्ड आलं.

त्यानंतरच्या शांत हवेच्या पहिल्या सकाळी ते दादांना घेऊन निघाले. दादांना मधल्या बाकावर उशांमध्ये बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली, एक साधं जाड जॅकेट घातलं; त्यांचं चपटं जॅकेट साहेबांच्या अंगावर होतं. बायकोने सुरक्षादोरी मनगटाला बांधली आणि इंजिन सुरू केलं.

“मास्तरीणबाई, थोडं डावीकडे,” दादा म्हणाले. “तिकडे गाळ आहे.”

“दिसलाय मला, दादा.”

“वा! हिला शिकवायला नको.” मग दादा भावाकडे वळले. त्यांनी बाकाखालून तो जुना पत्र्याचा डबा काढला. “घे तुझा डबा. मला वाटलंच होतं, तू काही सुकाणूवर बसत नाहीस.”

“माफ कर रे दादा. मी नेतो म्हणालो होतो.”

“आणलंसच की. तू अर्ज भरला नसतास तर ही परीक्षेला बसली असती का?”

पंपघर आलं. मोडके जिने, हिरवं पाणी, सगळं तसंच. दादांनी हात पाण्यात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. साहेबांनी डोळे मिटले नाहीत. भीती वाटत होती, तरी ते दादांकडे बघत राहिले. शेवटी आपलंही काहीतरी काम आहे हे आठवून ते डब्याने पाणी उपसायला वाकले. डबा जरा जास्तच भरला आणि सगळा छातीवर सांडला.

फस्स्स!

हनुवटी आकाशाकडे, हात आडवे, मान गच्च. दादा आधी दचकले, मग हसायला लागले. खोकत, छाती धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते.

“हवा काढू का?” बायकोने विचारलं.

“नको,” दादा म्हणाले. “काठापर्यंत राहू दे तसाच. मला नीट बघू दे.”

अठरा दिवसांनी, पहाटे झोपेतच, दादा गेले.

नंतर त्यांच्या कपाटात एक लिफाफा सापडला. बोट दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज होता, थरथरत्या अक्षरात भरलेला. नव्या मालकाच्या जागी त्रुटीसाहेबांच्या बायकोचं नाव होतं. साहेबांनी तो तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. मग स्वतः घेऊन आपल्या जुन्या कार्यालयात गेले. काउंटरवर त्यांनीच हाताखाली तयार केलेली कारकून बाई होती. तिने अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला आणि लाल पेन उचललं.

“साहेब, रागावू नका. शेवटच्या रकान्यात त्रुटी आहे.”

“कोणती?”

तिने वाचून दाखवलं. “बोटीसोबत द्यायचं सामान. वल्ही दोन. नांगर एक. दोर एक. पत्र्याचा डबा एक. धाकटा भाऊ एक, फुगणारा.” तिने अवघडून वर पाहिलं. “सामानाच्या यादीत माणूस लिहिता येत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंयत.”

त्रुटीसाहेबांनी घसा साफ केला. डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी अर्जासाठी ते काउंटरच्या या बाजूने अजिजीने बोलले.

“घ्या हो बाई. सामानच आहे ते.”