काठपदराची अजगरं

अजगराचा पदर नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न मला पनवेलमध्ये एकट्या कुमुदकाकूंनीच विचारला.

काकू आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा सुहास अमेरिकेत नोकरी करायचा आणि हौस म्हणून अजगरं पाळायचा. छोटीच, घाबरली की चेंडूसारखी गुंडाळून बसणारी. प्रत्येकाचा रंग निराळा, नक्षी निराळी आणि त्यावरून प्रकाराचं नावही निराळं म्हणे. त्यांचे फोटो यायचे आणि काकू ते शोकेसमध्ये नातवंडांचे मांडावेत तसे मांडायच्या. आवारात साधी धामण निघाली तरी याच काकू पलंगावर चढून बसत.

मी ऑफिसातून आलो की दारातच गाठायच्या. "ह्यातला पेस्टल कुठला, ओळख बघू."

मला सगळीच सारखी दिसायची. मग काकू साड्यांवर घसरायच्या. साधा म्हणजे चॉकलेटी अंगावर खाकी बुट्टे. पेस्टल म्हणजे तीच साडी, पण पिवळा उजळलेला. एकाचं अंग मध्येच पांढरंफेक होतं, तर म्हणाल्या, विणकर जेवायला उठला असेल. माझा गोंधळ आणखीच वाढायचा. एकदा मी मोठ्या खात्रीनं बोट ठेवलं, तो सुहासचा गुंडाळलेला टॉवेल निघाला.

एका रविवारी सकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. काकूंच्या हातात नवा फोटो होता. "हा पेस्टलच. पिवळा बघ कसा उठलाय," काकू म्हणाल्या. तेवढ्यात सुहासचा फोन आला. त्यानं तेच विचारलं असावं.

"साधाच दिसतोय रे मला," काकू म्हणाल्या.

मी घाईघाईनं फोटोतल्या पिवळ्यावर बोट आपटलं. काकूंनी माझा हात बाजूला सारला, खुर्ची ओढून घेतली आणि डोळे मिटून बराच वेळ "हं, असं होय" म्हणत राहिल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्हाला तर येत होतं की."

"बरोबर सांगितलं की 'शाब्बास आई' म्हणतो आणि ठेवतो," काकू म्हणाल्या. "चुकले की समजावत बसतो."

मला फार वाईट वाटलं.

पुढे पेस्टल मलाही ओळखता यायला लागला. पण काकूंनी दारात गाठून विचारलं की मी टॉवेलवरच बोट ठेवायचो.