टिल्लूभाऊजींचा कान

आमच्या बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये एक म्हातारे गृहस्थ भिंतीला लांबलचक स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याच्या मुठीला कान चिकटवून, डोळे मिटून उभे दिसले तर घाबरू नका. पोलिसांना तर मुळीच बोलावू नका. एकदा एका नव्या भाडेकरूने बोलावलं होतं, तर आलेल्या पोलिसालाच “तुझ्या गाडीचा बेल्ट गेलाय, आवाज वरपर्यंत आला,” असं सांगून यांनी परत पाठवलं. हे आमचे टिल्लूभाऊजी.

इथल्या, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मेंटेनन्स केला. एवढाल्या मशीनच्या पोटात काय बिघडलंय ते तिथे असंच ऐकायचे म्हणे. टोक मशीनला, मूठ कानाला. रिटायर झाले, मशीन सुटल्या, कान राहिला. मग तो आमच्या बारा मजल्यांच्या मागे लागला.

ते सहाव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. त्यांची बायको नलू माझी मैत्रीण. मी सांगणार आहे त्या उन्हाळ्यात तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. भाऊजी एकदा आमच्याकडे चहाला आले, बसले, आणि कप उचलायच्या आधीच म्हणाले, “वहिनी, तुमचा फ्रीज फार दिवसांचा सोबती नाही.” मी म्हटलं, अभद्र बोलू नका, आत श्रीखंड आहे. पुढच्या आठवड्यात फ्रीज गेला. ते श्रीखंड मी आणि ह्यांनी एका बैठकीत संपवलं, आणि नंतर ह्यांना जे झालं त्याचा दोष अजून भाऊजींच्या माथी आहे.

“आवाजाला पत्ता असतो,” हे त्यांचं लाडकं वाक्य. “आपण भलत्याच दारावर थाप मारतो, वहिनी. नव्वद टक्के भांडणं पत्ता चुकल्याची असतात.” आठव्या मजल्यावरचे एक इटालियन आजोबा आणि नवव्यावरच्या पंजाबी बीजी दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ते म्हणायचे, ही बाई पहाटे सहाला मसाला कुटते. त्या म्हणायच्या, हा माणूस भिंतीवर लोखंडाचे गोळे फेकतो. भाऊजींनी चार दिवस भिंती ऐकल्या आणि गच्चीवरच्या हवा खेचणाऱ्या मोठ्या पंख्याचा एक बोल्ट आवळला. बस. आता आजोबांचे टोमॅटो वर जातात आणि बीजींचं लोणचं खाली येतं. तेव्हापासून आवाजाची तक्रार आली की मॅनेजर आधी भाऊजींना बोलावतो. त्यांनी सांगितलं की विषय संपला.

स्वतः मात्र मांजराच्या पावलांनी राहतात. खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे बॉल, कपाटांच्या दारांना फेल्टच्या मऊ पट्ट्या. कुकरची शिट्टी होणार असं दिसलं की हे स्टोव्ह बंद करतात, त्यामुळे त्यांच्याकडची आमटी चावून खावी लागते.

तर आता सांगते ती गोष्ट कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यातली. भाऊजींच्या बरोबर वर, सातव्या मजल्यावर, रुजुता आणि तिचा नवरा भाड्याने राहायला आले होते. दोघं साताऱ्याकडची. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अप्लाय केलेलं, नवऱ्याची नोकरी नवी, पाच ठिकाणी नकार मिळून सहाव्या ठिकाणी हे घर मिळालेलं. पोरगी मोठी हौशी. इथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीसाठी तिने आम्हा सहा-सात बायकांना जमवलं. (इथे मंगळागौर शनिवारी येते, हॉलचं पार्किंग फुकट असतं म्हणून.) दर मंगळवारी दुपारी दोनला तिच्याकडे प्रॅक्टिस. झिम्मा, पिंगा, बसफुगडी. मी एकाहत्तर वर्षांची, डावा गुडघा बदललेला, पण गाणी मलाच येत होती, आणि गाताना पाय काही गप्प बसत नाहीत.

आता बघा, आम्ही कोणी गावात वाढलेल्या, कोणी वाड्या-वस्त्यांत. फुगडी जमिनीवर घालायची असते एवढंच ठाऊक. आपली जमीन हे दुसऱ्याचं छत आहे, हे सात बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

रुजुताच्या शेजारच्या डोरीनबाई दुपारी झोपतात. त्यांच्या काचेच्या कपाटातले कप नाचायला लागले. त्यांनी थेट घरमालकाकडे एक तक्रार केली, मग दुसरी. घरमालकाने रुजुताला ईमेल केली: तिसरी आली तर घर सोडायचं. पोरीने हे आम्हाला सांगितलंच नाही. कळलं तेव्हा तिसरी तक्रार मॅनेजरपर्यंत गेली होती, आणि खालच्या घराची साक्ष तेवढी राहिली होती. म्हणजे भाऊजींची. फ्रीजची धुसफूस ओळखणाऱ्या माणसाला डोक्यावरचा पिंगा ओळखू येणार नाही?

पार्टी रूममध्ये मीटिंग झाली. रुजुता माझ्या शेजारी. डोरीनबाई कागदावर वेळा लिहून आल्या होत्या. मॅनेजरने विचारलं, “मिस्टर टिल्लू, तुम्ही काय ऐकलंत?”

भाऊजी उठले. कोटाचं बटण लावलं. “पाण्याच्या पाइपला धक्के बसतायत,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं. “जुनी बिल्डिंग आहे. व्हॉल्व्ह एकदम बंद झाला की असं होतं.”

डोरीनबाई म्हणाल्या, “पाइप गाणी म्हणतात का?”

“जुने पाइप काहीही करतात, मॅडम.”

मी मान खाली घातली. खोटं बोलताना मनुष्य अडखळतो तरी. हे तर व्हॉल्व्हचं मापसुद्धा सांगून मोकळे झाले. मॅनेजरने लिहून घेतलं, घरमालकाला तसं कळवलं, विषय संपला.

पण डोरीनबाईंना त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही हं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कपाटाच्या फळ्यांना फेल्ट लावून आले. तिथेच त्यांना कळलं की बाई मंगळवारी चार ते पाच पोहायला जातात. लिफ्टमध्ये मला भेटले आणि दाराकडे बघत म्हणाले, “त्या पाइपना सांगा, चार ते पाच.”

त्या मंगळवारी चार वाजता आम्ही जमलो खऱ्या, पण भीत भीत. रुजुताने जमिनीवर घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या आणि कम्फर्टर अंथरले. आम्ही मोजे घालून, टाचा उचलून, कुजबुजत पिंगा घातला. आजाऱ्याच्या उशाशी घालावा तसा. दहा मिनिटं झाली असतील नसतील, आणि खालून ठोकल्याचा आवाज आला. ठक ठक ठक. झाडूचा दांडा छताला लावल्यासारखा.

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. रुजुता भिंतीला टेकून खालीच बसली. वयाने मोठी म्हणून मी खाली गेले. जाताना क्षमेची दोन वाक्यं जुळवून ठेवली.

भाऊजींनी दार उघडलं. हातात मॉप. हॉलच्या बरोबर मध्ये एक खुर्ची मांडलेली, शेजारी गार झालेला चहा. टीव्ही बंद, खिडक्या बंद.

“भाऊजी, चुकलं आमचं. आता बंदच–”

“बंद का केलंत?” ते म्हणाले. “मी पावणेचारपासून बसलोय. काही ऐकूच येईना, म्हणून ठोकलं.”

भाऊजी मॉप दाराला टेकवत राहिले, तो घसरत राहिला.

“नलूने एकदा विचारलं होतं,” ते म्हणाले. “आम्ही इथे आलो त्या वर्षी. दोन-चार बायका बोलावू का मंगळागौरीला म्हणून. मी म्हटलं, खाली माणसं राहतात.”

“मग?”

“मग काही नाही. तिने परत विचारलं नाही. शहाणी होती.” ते खुर्चीकडे गेले, बसले, चहाचा कप उचलून तसाच खाली ठेवला. “जा वहिनी. पाच वाजायला चाळीस मिनिटं आहेत.”

मी लिफ्टसाठी थांबले नाही. कठड्याला धरून जिनाच चढले. वर सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी रुजुताला एवढंच म्हटलं, गोधड्या उचल.