गिरणीवाल्याचा नारिंगी तारा

आमच्या मालेगावात दळण अर्धवट ठेवून गिरणी बंद करणारा एकच माणूस आहे, गुलाबभाऊ. पट्टा तुटलेला नसतो, वीज गेलेली नसते. दिवेलागण झाली की हा माणूस बटण दाबतो, अंगावरचं पीठ झटकत अंगणात येतो आणि दक्षिणेकडे बोट रोखून ओरडतो, "तो पाहा! नारिंगी हाये का नाई? डोये फुटले का तुमचे?"

मृग नक्षत्राच्या पश्चिमेला तो बारीक ठिपका असतो. नारिंगी बटु तारा, सूर्याहून लहान आणि थंड. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, तो इथून दिसत नाही. पण भाऊ त्या ग्रहावरून असे भांडतात, जणू तिथं त्यांचं दोन एकर वावर आहे आणि शेजाऱ्यानं बांध कोरलाय.

"आपला सूर्य उधळ्या हाये, उधळ्या! नुसता पेटून राह्यला. हा पाहा, सबुरीनं जळते. आपला इझला तरी हा राहीन!"

दळणाला आलेल्या मंदाबाई एकदा भीतभीत म्हणाल्या, "भाऊ, ग्रह लय तरास देत असन त शांती करून घ्या."

"माहा ग्रह तुमच्या पत्रिकेत मावत नाई, बाई! पीठ घ्या अन् निंगा!"

पीठ कुठलं घेणार? गहू अजून चक्कीतच होते.

एवढं करून भाऊंची माहिती रोज चुकीची. आज तो ग्रह तीन वर्षांत फेरी मारतो, उद्या चाळीस. ताऱ्यांचा नाद या घरात आणला सुमनकाकूंनी, भाऊंच्या बायकोनं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं जवळजवळ गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, नाहीतर उरलीसुरली वाचाही जाईल. पण शब्द वाकडा येतो याची काकूंना लाज वाटते. अंगणाकडच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

मला एक वाईट खोड आहे. कुणी चुकीचं बोललं आणि मी गप्प राहिलो, तर आपल्यालाच पाप लागेल असं वाटत राहतं. परवा भाऊ गरजले, "बारा वर्षं लागतात त्याले एका फेरीले!" मी मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणालो, "भाऊ, सात. साधारण सात वर्षं."

भाऊ माझ्या अंगावरच आले. "तुले कोनं इचारलं? लय शिकला का? काहून तोंड घातलं मधात?"

मलाही राग आला. माझी ज्वारी अडकलेली, वर शिव्या. "तुमी रोज खोटं सांगता, भाऊ. लोक हासतात तुमाले!"

त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढत गिरणीच्या मागं नेलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मले मालूम नाई का सात? तिनंच शिकवलं मले. पन मी बरोबर सांगतलं त ती कायले बोलीन? आज खाटेवर उठून बसली होती. तोंड उघडलं होतं तिनं, लेका. अन् तू सांगून मोकळा झाला."

मला त्यांच्याकडे पाहवेना. भाऊंनी पिठाच्याच हातानं तोंड पुसलं, अंगणात परत गेले आणि पुन्हा गरजले, "बरं, सात त सात! पन तो ग्रह आपल्या चंद्राएवढा हाये! चंद्राएवढा! कोनाची छाती हाये नाई म्हनाची?"

उत्तर मला माहीत होतं. मी ओठ घट्ट मिटले. मंदाबाई काही बोलू पाहत होत्या, त्यांना मी हातानं थांबवलं.

मग काकूंच्या खिडकीतून एक फाटका, संतापलेला आवाज आला, "खो... टं! गु... रू... एवढा!"

"काय?" भाऊ ओरडले. "आयकू नाई आलं! मोठ्यानं बोल!"

साऱ्या गल्लीला ऐकू आलं होतं.