चौथा कुठं गेला?

मुनीरचाचा गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले की मांडीवर फूटपट्टी, कानावर पेन्सिल आणि पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. पुस्तक पोरांचं, माणूस साठीचा. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले चाचा उस्मानपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे आणि माझ्या शाळेच्या कपाटातलं एकेक पुस्तक नेऊन तपासायचे. वाचायचे नाहीत, तपासायचे.

पुस्तक परत आलं की आत सात-आठ चिठ्ठ्या हमखास. "पान तीनवर म्हातारीस एकही दात नाही. पान नऊवर सदर म्हातारी फुटाणे खाते. सबब खुलासा व्हावा."

मी तिसरीची बाई. मुलं गोष्ट सोडून चिठ्ठ्याच वाचत बसायची आणि माझं डोकं फिरायचं.

"चाचा, गोष्ट आहे ती. सातबारा नाही."

"म्हनून काय झालं बाई? पोरं गोष्टीवर भरोसा ठेवतात. सातबाऱ्यावर कोन ठेवतं?"



एकदा चोर अमावस्येच्या रात्री निघाले आणि चित्रात त्यांच्या डोक्यावर हा एवढा चंद्र. चाचा कुंपणाशी येऊन ओरडले, "अमावस्येला चांद! कोन्या साहेबानं मंजूर केला? अन् चांदाचं आमाला नका सांगू बाई, ईदच्या आदल्या दिवशी गच्चीवर माना मोडून घेतो आमी!" एका राजपुत्राचा घोडा देवगिरीचा खंदक एका उडीत ओलांडतो, असं वाचलं तेव्हा तर ते मोजणीची फीत घेऊन एसटीनं दौलताबादला गेले. पहारेकऱ्यानं हटकलं, तर फितीचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं. संध्याकाळी मला निकाल ऐकवला, "घोड्याला पंख द्या, नायतर लेखकानं माफीनामा द्यावा."

चाचांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, कचेरीचे कागद हळूहळू मराठीत आले आणि तिशी उलटलेले चाचा बाराखडी गिरवायला बसले. मोठ्यांची पुस्तकं जड जायची, म्हणून साहेबांच्या मुलांची गोष्टींची पुस्तकं मागून आणली. त्यामुळं त्यांच्या मराठीत 'एक होता राजा' आणि 'सदरहू इसम' एकाच पंगतीला बसायचे.

त्यांनी वाचलेलं पहिलं मराठी पुस्तक चार भावांचं. ते आमच्याकडं शाळाशाळांत होतं, माझ्याच कपाटात वीस प्रती होत्या. चार भाऊ नशीब काढायला चार दिशांना जातात. थोरला घोडा घेऊन परततो, दुसरा तलवार, तिसरा बायको. आई पंगत मांडते आणि सारे सुखानं राहू लागतात. संपलं. चौथ्याचा पत्ताच नाही! दहा वर्षं मी ही गोष्ट शिकवली आणि माझ्या लक्षात आलं नाही, हे सांगताना आजही लाज वाटते.

बाकीच्या चुका चाचा चिठ्ठी लिहून विसरायचे. ही विसरेनात. "चौथा कुठं गेला?" पुण्याच्या प्रकाशकांना त्यांनी पोस्टकार्डावर पोस्टकार्ड पाठवलं. अखेर एकदाचं उत्तर आलं. पुस्तक बालवाचकांना अतिशय आवडते, आजवर एकाही मुलाने हा प्रश्न विचारलेला नाही, क्षमस्व.

चाचा ते पत्र घेऊन तडक माझ्याकडं आले. "बाई, तुमची तिसरी मला एक तास द्या."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची शेरवानी घालून वर्गात हजर. गोष्ट झकास वाचली, घोडा तर असा खिंकाळला की शेजारची चौथीसुद्धा दारात आली. "सारे सुखानं राहू लागले," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. वर्ग चिडीचूप. चाचांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मागच्या बाकावरची शकू उठली. "अन् चौथा जेवायला आला नाय का?"

मग काय विचारता! "व्हय की, तो कुठंय?" "वाघानं खाल्ला का?" "त्याच्या आईच्या ध्यानात नाय का?" चाचा खटला जिंकलेल्या वकिलासारखे हात वर करून ओरडत होते, "लिहून घ्या बाई, लिहून घ्या!"

वर्गाची त्रेचाळीस पोस्टकार्डं पुण्याला गेली. मुलांनी हट्टानं प्रत्येकाच्या शेवटी 'सबब खुलासा व्हावा' लिहिलं. महिन्याभरात प्रकाशक नमले. चूक मान्य. लेखक हयात नाहीत, तरी नव्या आवृत्तीसाठी दोन ओळी आपणच लिहून पाठवाव्यात. चाचांनी ते पत्र गल्लीभर मिरवलं. ईद नसताना चाचींनी शीरखुर्मा केला.

मग चाचा त्या दोन ओळी लिहायला बसले, ते आठ दिवस उठलेच नाहीत. नवव्या दिवशी कागद माझ्या हातात दिला. 'आईनं चौथं ताटही मांडलं. म्हणाली, त्याला उशीर झालाय, येईल.'

मला वाटलं होतं, चौथा निदान हत्तीवरून येईल. "चाचा, हा आलाच नाही की! आणा ना त्याला. पोरं खूश होतील."

"कसा आनू बाई? खोटं होईल." मग म्हणाले, "आमचा धाकटा भाऊ, हबीब. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरातून निघाला. जिंदा हाय का नाय, मालूम नाय. अम्मी होती तवर रोज त्याची रकाबी मांडायची. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तवा वाटलं, हितं तर आईबी विसरली."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण मला हे माहीत नव्हतं. त्यांना सातबाऱ्यावरून टोमणे मारल्याचा मला माझाच राग आला आणि त्यांच्यासमोरच रडू फुटलं.

नव्या आवृत्तीच्या वीस प्रती शाळेत आल्या. दोन्ही ओळी जशाच्या तशा छापलेल्या. चाचांनी त्या खणखणीत आवाजात वाचल्या, मुलांनी बाकं बडवली. तेवढ्यात त्यांची नजर खालच्या चित्रावर गेली. चित्र जुनंच होतं. आई, तीन मुलगे, तीन ताटं.

आता पुन्हा पुण्याला पोस्टकार्ड जाणार, असं मी धरूनच चालले. पण चाचा कानावरची पेन्सिल काढून तिसरीच्या बाकावर गुडघे दुमडून बसले आणि विसाच्या वीस प्रतींत आईशेजारी एकेक ताट काढलं. प्रत्येक ताटात भाकरी वाढली.

शकू त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "चाचा, भाकर गार होईल ना?"

"होऊ दे, बेटा. आला की गरम करू."