पट्टी पिवळी, नळी लाल

घरामागचा पोहण्याचा तलाव तब्बल अकरा वर्षांनी भरला आणि त्याच संध्याकाळी पाण्याच्या चाचणीवरून घरात जुंपली. रविवारी लेक येणार होती, तीही एकाच दिवसासाठी, आणि सोबत सहा वर्षांची नात. लेक याच तलावात पोहायला शिकली होती. नातीलाही इथेच शिकवायचं, हा आजोबांचा हट्ट होता. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या या माणसाला पाण्याबाबत कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"ही थेंबांची पेटी मिळवायला तीन दुकानं पालथी घातली," आजोबा म्हणाले. "नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, रंग जुळवायचा. विषय संपला."

"आणि माझ्या पट्ट्यांना काय झालं?" आजीने कपाटातून जुनी डबी काढली. "लेकीने सगळे उन्हाळे याच पट्ट्यांवर काढले. एकदा तरी पाणी बिघडलं?"

"मुदत बघ डबीवरची."

"कागदाला कसली आलीय मुदत?"

आजोबांनी वाद वाढवला नाही. ती डबी त्यांनाही टाकवत नव्हती. लेक लहान असताना सकाळी डोळे चोळत डबी घेऊन तलावाकडे धावायची आणि तिथूनच ओरडायची, "पाणी मस्त आहे!" तो आवाज गेल्यापासून घर फार शांत झालं होतं. दोघांनाही ते खुपत होतं, पण बोलायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीची पट्टी पिवळी झाली. म्हणजे पाण्यात आम्ल जास्त. यांना सांगावं तर तासभर व्याख्यान ऐकावं लागेल, म्हणून तिने गुपचूप डबाभर सोडा टाकला. संध्याकाळी आजोबांची नळी लालभडक. म्हणजे नेमकं उलटं. बायकोला कळलं तर जन्मभर ऐकवेल, म्हणून त्यांनी गुपचूप ॲसिड ओतलं. सकाळी पट्टी पुन्हा पिवळीच. आजीने या वेळी दोन डबे टाकले. पुढचे दिवसही हेच चाललं.

शनिवारी पाणी इतकं दुधाळ झालं की तळ दिसेना. घाबरून दोघंही एकाच वेळी तलावाशी पोचली. तिच्या हातात सोडा, त्यांच्या हातात ॲसिडचा कॅन.

"म्हणजे पाच दिवस मी तुझ्याशी लढत होतो?"

"त्यात नवीन काय?" आजी म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले. "उद्या पोरगी येईल आणि पाण्याला न शिवता परत जाईल हो."

रविवारी लेकीने सगळी हकिकत ऐकली आणि ती पोट धरून हसली.

"आई, त्या पट्ट्या मी कधी बुडवल्याच नाहीत! पाणी खराब निघालं असतं, तर तुम्ही पोहू दिलं असतं का? म्हणून तर डबी अजून जवळजवळ भरलेली आहे."

आजीने डबीत डोकावून पाहिलं. अकरा वर्षांत ही शंका तिला शिवली नव्हती.

"गाळणी चालू ठेवली तर दोन दिवसांत पाणी निवळेल," आजोबा खाली बघत म्हणाले.

लेकीने नातीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग राहतो दोन दिवस. ऑफिसचं काय ते मी फोनवर बघते."

ते दोन दिवस घरभर ओले टॉवेल नव्हते, पण आरडाओरडा मात्र पूर्वीसारखाच होता. नातीने जमिनीवर पालथं पडून हातपाय मारायचा सराव केला. आजोबा शेजारी पालथे पडून शिकवत होते, आणि त्यांना उठवायला दोघी लागत होत्या.

मंगळवारी सकाळी नात झोपलेली असताना आजोबांनी नळीत पाच थेंब टाकले. रंग तक्त्याशी तंतोतंत जुळला. तळाची फरशी न् फरशी दिसत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेकीने विचारलं, "बाबा, काय निघालं? आज पोहून झालं तर संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढते."

आजोबांनी नळी कुंडीत रिकामी केली.

"अजून एक दिवस लागेल बहुतेक."

मागे उभ्या असलेल्या आजीने रंग नीट पाहिला होता. ती हळूच त्यांच्या कानाशी वाकली.

"दोन म्हणा."